कड्याखालची आठवी रेघ

मी, इतो कुसाका, कै. गेन्गो कुसाका यांची एकुलती एक मुलगी व कै. तेइजी कुसाका यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, राहणार ओसाफुने, योशीई नदीचा अलीकडचा काठ, धंदा जुन्या तलवारींना पॉलिश करणे व मोडलेल्या तलवारींना पुन्हा घाट देऊन वाचवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत जाऊन थांबले, कारण पुढे काही उरत नव्हते. मध्ये एकदा डॉक्टरच चुकले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि आज सकाळपासून साकेचा थेंब घेतलेला नाही.

वर धंदा लिहिला आहे, तो मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. सरकारी कागदांवर त्या जागी साठ वर्षे 'घरकाम' असे आहे. घरकामही मी केलेच, पण तेवढ्यासाठी कोणी मृत्युपत्र लिहायला बसत नाही.

हे लिहिताना निवृत्त कोर्ट कारकून माशिमो मला मदत करत आहेत. ते म्हणतात की स्वतःच्या अक्षरातल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला ते माहीत आहे, तरीही मला साक्षीदार हवे आहेत. का, ते कलम चार आणि पाचमध्ये येईल. माझा मुलगा मोतोहारू कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचतो. त्याने या वेळी तसे करू नये.

कलम १. राहते घर, त्याला लागून असलेली कामाची खोली, विहीर आणि मागचे पीचचे झाड मोतोहारूला द्यावे. तो ओसाकात लिफ्ट दुरुस्त करतो आणि साठीला आला आहे. घर विकायचे असेल तर त्याने ते विकावे, माझी हरकत नाही. मात्र विहीर बुजवू नये. नळाच्या पाण्यात काहीतरी टाकतात, त्याने पात्यावर डाग पडतात. माझ्या आजोबांपासून या घरातला प्रत्येक दगड याच विहिरीच्या पाण्याने भिजला आहे. घर घेणाऱ्याला विहीर नको असेल तर त्याला घरही देऊ नये.

शेजारी फुजिओका यांनी १९९८ साली पन्हळ साफ करायला म्हणून आमची लाकडी शिडी नेली. ती शिडी मी त्यांना या कलमान्वये देत आहे. आणायला यायचे कष्ट त्यांना पडणार नाहीत.

कलम २. पोस्टातली ठेव मोतोहारू आणि सूनबाई साएको यांनी निम्मी निम्मी घ्यावी. रक्कम पासबुकात आहे. साएकोला माझा किमोनोंचा लाकडी खण आणि भाजी चिरायच्या तीन सुऱ्या द्याव्यात. सुऱ्यांना मी धार लावून ठेवली आहे. बोटे सांभाळावीत. तिच्या मिसो सूपला मी एकोणतीस वर्षे अळणी म्हणत आले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझे मीठ तोडले तेव्हा कळले की तेच सूप माझ्या तब्येतीला बरे होते. तिने मला माफ करावे. पण सूप अळणीच होते.

कलम ३. माझ्या अस्थी यजमानांच्या शेजारी ठेवाव्यात. फोटो हसरा लावावा, पीचच्या झाडाखालचा. भटजींना पाठ आटोपशीर करायला सांगावे. बसून बसून माझे गुडघे जन्मभर दुखले. जमलेल्यांचे दुखू नयेत.

कलम ४. आता खरे बोलायचे ते.

मी जाहीर करते की सोबत जोडलेल्या निळ्या वहीत नोंदलेल्या एकेचाळीस तलवारींची मोडलेली किंवा गंजलेली टोके माझ्या हाताने पुन्हा घडवलेली आहेत. त्या सर्वांच्या कागदांवर माझे यजमान तेइजी यांचे नाव आहे. त्यांनी कोणाला फसवले नाही आणि माझ्या कामाची चोरीही केली नाही. कसे झाले ते सांगते.

या घरात बाईने पात्यासमोर बसायचे नाही, असा वडिलांचा नियम होता. बाईने दगड धुवायचे, आणि मऊ दगडाच्या नखाएवढ्या पातळ चकत्या करून, त्या कागदावर चिकटवून द्यायच्या. शेवटचा हात त्याच चकत्यांनी देतात. चौदाव्या वर्षापासून मी त्या करत आले. कुठली चकती पोलादाला खाते आणि कुठली नुसती चाटते, हे मला अंगठ्याने कळायचे. वडील शिष्यांना शिकवत आणि मी दाराआड दगड धूत ऐकत असे. त्यांचे दोन शिष्य होते. एक तेइजी, ज्यांना त्यांनी पुढे माझ्याशी लग्न लावून, आमचे आडनाव देऊन घरजावई केले. दुसरा शिगेकी ओबाता. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि जिभेने माझ्यापेक्षा मोठा.

वडिलांची शिकवण अशी होती. तलवारीला पाणी दिलेले असते ते फक्त धारेला. धारेच्या कडेने पांढरट धुक्यासारखा जो पट्टा दिसतो तोच तलवारीचा जीव. बाकी अंग मऊ असते. टोक मोडले की नवे टोक काढायचे ते पाठीकडून. पाठ घासत घासत खाली आणायची आणि धारेला भेटवायची. धारेकडून काढायला गेले तर पाण्याचा पट्टा टोकाच्या आधीच संपतो. मग टोक दिसायला टोक असते आणि आत मेलेले असते. विस्तवाजवळ तर जायचेच नाही. पुन्हा भट्टीत घालून पाणी चढवलेली तलवार आमच्यात तलवार म्हणून मोजत नाहीत. आणि काढलेले पोलाद परत लावता येत नाही.

"पाठीला दुखलं तर चालतं, धारेला दुखवायचं नाही," असे ते म्हणत.

१९७४ च्या शरदात नदीवरच्या गावातल्या नाकाशो घराण्याची विधवा गादीच्या खोळीत गुंडाळून एक लांब तलवार घेऊन आली. १९४५ साली युद्ध संपल्यावर तलवारी जमा करायला शिपाई आले, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी ती छपराच्या गवतात खुपसून ठेवली होती. तिथे ती एकोणतीस वर्षे राहिली. टोकाकडची तीन बोटे गंजाने खाल्ली होती. साडेसहाशे वर्षांची तलवार, आणि शेंड्याला वाळलेल्या भाकरीसारखे तुकडे पडत होते.

वडिलांनी दोन्ही शिष्यांना शाईने पात्यावर नव्या टोकाची रेघ काढायला सांगितली. शिगेकीचे टोक भरदार आणि देखणे होते. तेइजींचे उतरते आणि हडकुळे.

"शिगेकी, तुझं टोक सुंदर आहे, पण मेलेलं आहे," वडील म्हणाले. "तेइजी, तुझं टोक दिसायला भिकार आहे, पण जिवंत राहील. तू कर."

ते हडकुळे टोक आदल्या दिवशी जेवताना मी सोया सॉसमध्ये काडी बुडवून ताटाच्या कडेवर काढून दाखवले होते. तेइजींनी ते जसेच्या तसे उतरवले.

मग वडील पाठीच्या दुखण्यासाठी आठवडाभर गरम झऱ्यांवर गेले. तेइजी दोन दिवस ते पाते मांडीवर घेऊन बसले. लांब पात्याला चमक देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण टोक आले की त्यांना घाम फुटायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"इतो, माझा हात थरथरतोय. तू काढ. मी चहा करतो."

"अहो, बाबांना कळलं तर?"

"मी उंबऱ्यात बसतो. कोणी आलं तर खोकेन."

पाच दिवस ते किटली घेऊन उंबऱ्यात बसले आणि मी आत पाठ घासत होते. फुजिओकांची आजी तीनदा आली आणि तीनदा त्यांना जोराचा खोकला झाला. तिसऱ्यांदा तिने त्यांच्यासाठी मुळ्याचा काढा आणून दिला. त्यांना तो प्यावा लागला. मी इतकी सुखी पुन्हा क्वचितच झाले असेन.

सगळे पॉलिश झाल्यावर शेवटी एक काम उरते. मुठीच्या वर पात्याला तांब्याचे कडे बसते. त्या कड्याखाली, पाठीजवळ, घोटणीच्या सुईने केसासारख्या बारीक रेघा काढायच्या. किती काढायच्या ते ज्याच्या त्याच्या घराण्याचे ठरलेले असते. तीच पॉलिश करणाऱ्याची सही. मूठ उतरवून कडे काढल्याशिवाय ती कोणाला दिसत नाही. आमच्या घराण्याच्या सात. मी सात काढल्या. सुई हातातच होती. मग मी आठवी काढली, आखूड, तांदळाच्या दाण्याएवढी.

तेइजींनी वाकून पाहिले. "ही कोणाची?"

"माझी."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी कडे बसवले.

वडील परत आले. खिडकीपाशी नेऊन त्यांनी ते टोक बराच वेळ फिरवून पाहिले. धुक्याचा पट्टा शेवटच्या बिंदूपर्यंत जाऊन तिथेच संपत होता. एरवी तो टोकावरून पाठीकडे वळतो. इथे वळायला जागा उरली नव्हती, पण तो होता.

"तेइजी, हे कोणाकडून शिकलास?"

"घरातच," तेइजी म्हणाले.

वडिलांनी पुढे काही विचारले नाही. त्या दिवसापासून घरात आलेले प्रत्येक मोडके टोक दुपारी, ते झोपले की, माझ्याकडे येऊ लागले, आणि त्या प्रत्येक तलवारीच्या कड्याखाली मी आठवी रेघ काढत गेले. ते वारले तेव्हा दुपारची वाट पाहायची गरज राहिली नाही, पण सवयीने मी दुपारीच बसत असे.

आता शिगेकी. तलवार परत द्यायच्या आधी तेल लावताना त्याने कडे काढले आणि रेघा मोजल्या. हे मला १९८१ साली कळले. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्या वर्षी आमच्या तलवारीला पहिले बक्षीस मिळाले आणि त्याच्या तलवारीला दुसरे. रात्रीच्या जेवणात, सगळे बसलेले असताना तो उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आठवी रेघ कोणाची, तेवढं सांगा, आणि मग बक्षीस घ्या."

तेइजी मान खाजवत हसले. मी बायकांच्या रांगेत होते. समोर सिरक्यात मुरवलेले ममाकारी मासे होते. मी त्यांचे काटे काढत राहिले, जे काढावे लागत नाहीत. कोणीतरी गाणे सुरू केले आणि विषय बुडाला. माझ्या नवऱ्याला चारचौघांत उघडे पाडायला निघाला, म्हणून मी शिगेकीशी बोलणे सोडले. ते त्रेचाळीस वर्षे सोडले. तो आठवड्याभरात नदीपलीकडे गेला आणि त्याने तिथे स्वतःचे काम सुरू केले.

गेल्या ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला मोतोहारू आला, तेव्हा मी हे सगळे त्याला सांगितले. त्याने टरबूज खाली ठेवले.

"आई, बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली. आता त्यांच्या नावावरून कशाला काही काढून घेतेस?"

"काढत काही नाही रे. सात रेघा त्यांच्याच आहेत. मी माझी एक मागतेय."

"आणि कोण मानणार? पुरावा काय?"

त्याने दुष्टपणाने विचारले नाही. दुरुस्ती करणारा माणूस आहे, काय तुटले ते आधी विचारतो. पण त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचे उत्तर तेव्हा कामाच्या खोलीत पडले होते.

कलम ५. कामाच्या खोलीत, डाव्या मांडणीवर, पांढऱ्या सुती कापडात जी तलवार आहे ती माझी नाही. तिला वारशात धरू नये. ती नाकाशो घराण्याची आहे, तीच, १९७४ ची. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात नाकाशोंच्या घरात पाणी शिरले. म्यान फुगून तलवार आत अडकली. म्यान फोडायचे असते, तलवार पिळायची नसते, हे आताचे मालक युकिओ नाकाशो यांना कोणी सांगितले नव्हते. ते शाळेची बस चालवतात. त्यांनी गेल्या वसंतात ती पिळून ओढली आणि टोक म्यानातच राहिले. ते रडत माझ्याकडे आले. शहरातल्या एका व्यापाऱ्याने त्यांना सांगितले होते की भट्टीत घालून नवे पाणी चढवतो, कोणाला कळणार नाही. मी म्हटले, मला कळेल.

टोक दुसऱ्यांदा काढायचे म्हणजे पाण्याचा जो पट्टा उरला आहे त्याच्या शेवटच्या दाण्यावर काम करायचे. मी पाठ अर्धी खाली आणली आहे. पुढे माझा डावा अंगठा ऐकत नाही. एका पावसाळी सकाळी तो घसरला आणि चकती धारेकडे गेली. केसाएवढेच पोलाद गेले, पण गेले. मी हात उचलला आणि परत ठेवला नाही.

ती तलवार वाचली पाहिजे. आणि ती वाचवायची तर पुराच्या पाण्याचे डाग मुठीपर्यंत आहेत, म्हणून पूर्ण पात्याला नव्याने पॉलिश करावे लागेल. कड्याखालीही. तिथल्या रेघा जातील. वहीतल्या एकेचाळीस तलवारींपैकी काही परदेशी गेल्या, काहींना पुन्हा पॉलिश झाले, काहींचे मालक मूठ उतरवू देत नाहीत. माझ्या माहितीत दाखवता येईल अशी आठवी रेघ आता या एकाच तलवारीवर आहे. तलवार वाचवली तर रेघ जाते, रेघ ठेवली तर तलवार जाते. यावर मी रात्रभर जागले वगैरे नाही. तलवार वाचवायची, यात विचार करण्यासारखे काही नव्हते. फक्त मोतोहारूला द्यायला उत्तर राहत नाही, म्हणून ज्याने ती रेघ १९७४ साली डोळ्यांनी मोजली अशा एकुलत्या एका जिवंत माणसाची सही मला हवी आहे. दुर्दैवाने तो माणूस शिगेकी ओबाता आहे.

कलम ६. ~~माझे सर्व दगड, आजोबांच्या काळापासूनचे, क्योतोजवळच्या डोंगरातले, ज्यांच्या खाणी आता बंद झाल्या, तसेच घोटणीची सुई, हे शिगेकी ओबाता याला द्यावेत. तो मला आवडत नाही, पण तो पोलाद कमी काढतो.~~

वरील कलम रद्द. वाचता यावे असेच खोडले आहे, बाजूला शिक्का मारला आहे. रद्द का झाले ते लिहिते, कारण माशिमो म्हणतात की कारण लिहिलेले बरे.

माझ्याकडे तीन वर्षांपासून मासुमी तोकुदा येते. अडतीस वर्षांची आहे, मासळीवाल्याची मुलगी, शिगेकीची शिष्या. पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली होती, "आजी, गुरुजींनी पाठवलंय. म्हणाले, टोकं शिकायची असतील तर नदीच्या त्या बाजूला जा." मी समजले, टोमणा मारायला पाठवली. तरी शिकवले, कारण पोरीचा अंगठा चांगला आहे. परवा तिच्याकरवीच निरोप धाडला, की म्हातारी गेल्यावर फुले घेऊन येण्यापेक्षा आधी रिकाम्या हाताने ये.

तो काल टॅक्सीने आला. काठी टेकत, रिकाम्या हाताने नाही. सिरक्यातल्या ममाकारींचा डबा घेऊन.

"काटे काढावे लागत नाहीत हं, ताई," दारातूनच म्हणाला.

त्रेचाळीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य हे. मी त्याला आत घेतले. मासुमी होती, माशिमो होते. त्याला हे कागद वाचायला दिले. तो चष्मा कपाळावर चढवून, पाने नाकाला लावून वाचत कलम सहापर्यंत आला.

"ताई, दगड मला? आणि साक्षीदार पण मीच?"

"दोन्ही तूच. दुसरा कोण आहे?"

माशिमो कोपऱ्यातून खाकरले. "तसं चालणार नाही. कायद्याचं सोडा, पण ज्याच्या पदरात काही पडतं त्याच्या साक्षीला कोण विचारतो? उद्या म्हणतील, दगडांसाठी सही केली. ओबाता सान, एक काहीतरी ठरवा. दगड नाहीतर सही."

मला हे आधी सुचले नव्हते. शिगेकी उठून मांडणीपाशी गेला आणि तो जाड, पिवळट, मऊ दगड मांडीवर घेऊन बसला. सोळाव्या वर्षी तो याच दगडावर शिकला होता. त्याने बोट पाण्यात बुडवून दगडावर फिरवले, चिखल वर आला, तो अंगठा आणि बोटात चोळून पाहिला. असा दगड आता कुठल्याही किमतीला मिळत नाही आणि त्याने आयुष्यभर दुसऱ्या कशावर डोळा ठेवला नव्हता. आमच्या धंद्यातला कोणीही दगड घेईल. मीही घेतला असता. मी मनात म्हटले, संपले.

त्याने दगड जागेवर ठेवला. हात पुसले.

"मी सही करतो."

"वेडा आहेस का? तो दगड बघ एकदा."

"बघितला. चांगला आहे. मासुमीला द्या. मी सही करतो."

"का पण?"

"का म्हणजे? तेव्हाही तेच करत होतो की मी! त्या जेवणात. तुम्ही डोकं वर काढलं असतंत तर दिसलं असतं, मी तेइजीकडे बघतच नव्हतो. तुमच्याकडे बघून विचारलं होतं."

"आणि हे का हसले मग?"

"त्याला माहीत होतं म्हणून. आदल्या दिवशी नदीवर मासे धरताना मी त्याला सांगितलं, उद्या विचारणार. तो म्हणाला, विचार, फार बरं होईल. मला सांगायची हिंमत होत नाही आणि तिला मी सांगून ती ऐकायची नाही. तू विचारलंस की ती उठेल." त्याने काठी भिंतीला टेकवली. "आम्ही दोघं वाट बघत होतो, ताई. तुम्ही मासेच निवडत बसलात."

मी रडले. लिहायला लाज वाटत नाही. त्यांच्या त्या हसण्याचा राग मी मनाच्या कोपऱ्यात त्रेचाळीस वर्षे ठेवला होता, त्यांच्या शेवटच्या आजारातही तो तिथे होता, आणि ते हसणे मला हाक मारण्यासाठी होते. मला वाईट वाटले, आणि त्याहून जास्त बरे वाटले. माझ्या नवऱ्याला माझा अभिमान होता आणि तो सगळ्यांना ऐकू जावा असे त्याला वाटत होते, हे चौऱ्याऐंशीव्या वर्षी कळणे काही वाईट नाही.

"मग नदीपलीकडे का गेलास?" मी विचारले.

"तुम्ही भात वाढताना पण बोलत नव्हतात. किती दिवस जेवणार माणूस असं?"

मग मासुमीने मूठ उतरवली, कडे काढले आणि पाते खिडकीपाशी धरले. आधी तिने भिंगातून मोजले. मग माशिमोंनी, ज्यांना दोनदा मोजावे लागले. मग शिगेकीने, भिंगाशिवाय, नाक पात्याला लावून. मी मोजले नाही.

कलम ६ (नवीन). माझे सर्व दगड, चकत्यांचा खण आणि घोटणीची सुई मासुमी तोकुदा हिला द्यावी. तिचे माझ्याशी किंवा शिगेकीशी रक्ताचे काही नाते नाही. विहिरीचे पाणी तिला हवे तेवढे नेऊ द्यावे, घर कोणाचेही असो.

नाकाशोंची तलवार तिनेच पुरी करावी. टोक हडकुळे होईल, होऊ दे. लोक म्हणतील घाट बसला नाही, म्हणू दे. धुक्याचा पट्टा टोकाला पोहोचलेला दिसला की लगेच हात उचलावा. अजून एक हात फिरवला तर छान दिसेल, असे वाटेल. तोच हात फिरवायचा नाही. मोबदला नाकाशोंकडून यजमानांच्या दराने घ्यावा, आणि कागदावर नाव स्वतःचे लिहावे. कड्याखाली किती रेघा काढायच्या ते तिने ठरवावे. माझी आठवी तिने पुन्हा काढू नये. ती माझी होती.

कलम ७. मोतोहारूने याबाबत कोणाशी वाद घालू नये. त्याने पुरावा विचारला, तो खाली आहे. पुढच्या वर्षी पितरांच्या सणाला त्याने वडिलांसमोर साके आणि माझ्यासमोर चहा ठेवावा. आणि शिगेकी जिवंत असेल तर त्याला जेवायला बोलवावे, आणि जेवताना त्याच्याशी बोलावे.

आज सह्या झाल्या की मासुमी त्या आठ रेघांवरून पहिला दगड फिरवील. मी बघायला बसणार नाही. माझा हात थरथरतो. मी चहा करते.

लिहिले बारा ते पंधरा नोव्हेंबर, रेइवा सहावे वर्ष (सन २०२४), ओसाफुने येथे, कामाच्या खोलीत.

इतो कुसाका
(शिक्का माझा स्वतःचा, गेल्या महिन्यात करून घेतलेला. आजवर घरात यजमानांचाच शिक्का चालत होता.)

साक्षीदार पहिला: ताकुरो माशिमो, निवृत्त कोर्ट कारकून. सदर बाईंनी हा मजकूर माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत लिहिला. मृत्युपत्रात माशांचा उल्लेख इतक्या वेळा करू नये असे मी सुचवले होते. त्यांनी ऐकले नाही. रेघा मोजल्या. आठ.

साक्षीदार दुसरा: शिगेकी ओबाता, पॉलिश करणारा, वय वर्षे ब्याऐंशी, नदीपलीकडे. मला या मृत्युपत्राने काही मिळत नाही. नाकाशोंच्या तलवारीचे कडे मी १९७४ साली काढले आणि रेघा मोजल्या. आठ होत्या. काल पुन्हा मोजल्या. आठ आहेत. आठवी इतो कुसाका यांची आहे. हे मी १९८१ साली विचारले होते, आज लिहून देतो.